आधी सांगायचं, मग हात लावायचा

माझं अक्षर वाईट आहे. ओळ सरळ जात नाही. वेलांटी पहिली कुठे आणि दुसरी कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं आणि नंतर कोणी विचारलं नाही. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. तरी उद्या घर आवरताना कोणाच्या हाती लागलंच, तर चुका पोटात घालून वाचावं. हसायचं असेल तर माझ्या अक्षराला हसावं, मी जे काम करते त्याला हसू नये. त्याला हसून झालेलं आहे.

मी पेशंटची कामं करते. लोकांना वाटतं मी नर्स आहे. काहींना वाटतं धुणंभांडीवाली आहे. दोन्ही नाही. आम्ही इंजेक्शन देत नाही, सलाईन लावत नाही. माणसाला पुसून काढणं, कूस बदलणं, भरवणं, शी-शू बघणं, पलंगावरून खुर्चीत घेणं आणि हे करताना त्याच्याकडे नीट बघत राहणं, काही वेगळं दिसलं तर सिस्टरला सांगणं, एवढं आमचं काम. झोपून असलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही तर पाठीला जखम होते आणि ती भरायला महिने जातात. कोणी बरेच दिवस अंथरुणाला खिळून उठला आणि त्याची पाठ स्वच्छ निघाली, तर त्यामागे आमच्यासारखं कोणीतरी आहे असं समजावं.

आधी मी चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होते. रबराचे पार्ट बघायचे, खराब बाजूला काढायचे, चांगले पिशवीत भरायचे. ते काम मला आवडायचं, कारण दिवसभर तोंड उघडावं लागत नव्हतं. मी लहानपणापासून अशीच आहे. दुकानात गेले तर समोर दिसणारी वस्तू घ्यायची, आत ठेवलेली मागायची नाही. मग कंत्राट संपलं. मोशीत आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईने एका संस्थेचं सांगितलं. तिथे पेशंटची देखभाल शिकवतात, परीक्षा घेतात, सर्टिफिकेट देतात. जास्त करून आठवी-दहावी लागते, पण कमी शिकलेल्या बायकांसाठी वेगळी तुकडी आहे, लिहिणं कमी आणि हाताचं काम जास्त. फक्त फी भरायची होती, आणि आमच्या घरात खोलीचं भाडं आणि मुलीची शाळा झाली की यांच्या पगारात काही उरत नव्हतं.

फी दिली माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. थोरले दीर, म्हणजे दादा, बार्शीकडून आमच्या आधी इकडे आले. भोसरीत छोटं वर्कशॉप टाकलं, सांगवीला फ्लॅट घेतला, सासूबाई त्यांच्याकडेच असतात. आम्ही त्यांच्या पाठोपाठ आलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दादांशी एक शब्द बोलले नव्हते. चहा झाला की दाराच्या चौकटीला सांगायचं, "चहा झालाय म्हणावं." मध्ये कोणी नसलं तरी ते ऐकायचे आणि येऊन बसायचे. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगायचे. आमचं कधी भांडण झालं नाही. होणार कसं?

मी फीसाठी गेले त्या दिवशीही बोलणं यांनीच केलं. अक्का म्हणाल्या, "पैसे देते, आम्हाला काही जड नाही. पण काय गं शोभा, तुझ्या तोंडाला तर कुलूप. पेशंट गेला तरी तू कोणाला सांगायची नाहीस."

सासूबाई म्हणाल्या, "चौथी शिकलेली नर्स. आपल्या खानदानात हेच राहिलं होतं."

सगळे हसले. हेही हसले, पण ते माझ्याकडे न बघता. अक्का मनाने वाईट नाहीत, पैसे त्यांनी लगेच काढून दिले. पण नंतर प्रत्येक लग्नात, बारशात त्या माझी ओळख करून द्यायच्या, "ही आमची धाकटी, हिला आम्ही नर्स करतोय." मी साडीचा पदर चाळवत उभी राहायचे. मनात एकच धरलं होतं. हे पैसे यांच्या पगारातून जाणार नाहीत. मी हे काम शिकेन आणि त्याच कामाच्या पैशातून शेवटच्या रुपयापर्यंत फेडेन. नाही जमलं तर अक्का बोलल्या तेच खरं.

आणि पहिल्या आठवड्यातच दिसलं की तेच खरं होणार.

आम्हाला शिकवायला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, मूळच्या कोकणातल्या, मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. वर्गात एक पलंग होता आणि त्यावर एक पुतळा, माणसाएवढा. चादर बदलणं मला एकदा दाखवल्यावर आलं. पेशंट पलंगावर असतानाच त्याला एका कुशीवर घ्यायचं, अर्धी जुनी चादर गुंडाळून त्याच्या पाठीशी सारायची, अर्धी नवी अंथरायची, मग पलीकडच्या कुशीवर. एक सुरकुती राहू द्यायची नाही. माझ्या चादरीवर सुरकुती नसायची. सिस्टर हात फिरवून बघायच्या आणि मान हलवायच्या. पण त्यांचा एक नियम होता. पेशंटला हात लावण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघून, त्याला ऐकू जाईल असं सांगायचं की मी आता काय करणार आहे. आधी सांगायचं, मग हात लावायचा. मी सरळ हात लावायचे.

"थांब. त्याला सांगितलंस?"

मी चादरीचं टोक आत खोचत राहिले.

"पुतळा बोलत नाही म्हणून तू पण बोलायचं नाही, असा तुमच्या दोघांत करार झालाय का?"

वर्ग हसायचा. नांदेडकडची गोदा माझ्या शेजारी असायची, ती म्हणायची, "काय गं, पुतळ्याला लाजायलीस? त्याला ना नाव ना गाव."

पण माझ्या गळ्यातून आवाज निघत नव्हता. पुतळा पुरुषाचा होता. पुरुषमाणसाच्या डोळ्यांत बघून, "मी आता तुम्हाला वळवते," हे वाक्य माझ्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं. यांनाही मी "जेवायला वाढलंय" एवढंच म्हणते, आणि तेही ताटाकडे बघून.

सिस्टरांनी एक दिवस मला मागे थांबवलं. म्हणाल्या, "हात तुझे वर्गात सगळ्यांत चांगले आहेत. पण बोलली नाहीस तर मी पास करणार नाही. लाड नाहीत." मी घरी आले. हे रात्रपाळी करून दिवसा झोपलेले होते. मी दार लावलं, पलंगाशी उभी राहिले आणि म्हणाले, "अहो, मी आता तुम्हाला डाव्या कुशीवर घेणार आहे."

हे डोळे न उघडता म्हणाले, "का, गादीत काय सापडलं?"

"काही नाही. शिकतेय."

"मग घे. पण उठवू नको."

असं रोज चाललं. त्यांची पाठ त्या महिन्यांत जितकी पुसली गेली तितकी लग्नात हळदीलाही गेली नसेल. पण घरच्या माणसाला म्हणणं वेगळं. पुतळ्यासमोर आले की पुन्हा ओठ शिवलेले.

ते सुटलं ते दवाखान्यात. वर्गाचे महिने संपल्यावर पिंपरीतल्या एका दवाखान्यात आम्हाला वॉर्डात काम करायला पाठवलं. तिथे पुरुषांच्या वॉर्डात तात्या म्हणून एक म्हातारे होते, मोशीचेच, जुन्या घरातले. मांडीचं हाड मोडलेलं. त्यांच्या शेतावर आता बारा मजली इमारती उभ्या आहेत, पण धोतर सोडलं नव्हतं. दवाखान्याने त्यांना तो मागून बंद बांधायचा झगा घातला होता आणि ते दिवसभर चादर गळ्यापर्यंत ओढून पडलेले असायचे. अंग पुसायला कोणी आलं की ओरडायचे. "व्हय तिकडं! हात लावायचा न्हाई!"

वॉर्डबॉय दोघं मिळून त्यांना धरायचे, पुसून मोकळे व्हायचे. सिस्टरांनी मला तिकडे पाठवलं. मी पाण्याचं भांडं घेऊन उभी राहिले. तात्यांनी चादर आणखी वर ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्या भिंतीकडे बघितलं आणि मला एकदम कळलं की हा माणूस रागावलेला नाही. लाजतोय. माझ्याहून जास्त लाजतोय. मी तरी कपड्यात होते.

मी म्हणाले, "तात्या, मी मोशीचीच आहे. मी चादर काढणार नाही. चादरीच्या खालून आधी हात पुसते. डावा."

माझा आवाज एवढा बारीक होता की मलाच जेमतेम ऐकू आला. त्यांनी डावा हात बाहेर काढला.

"आता उजवा." उजवा आला.

असं करत, एकेक अवयव सांगत, एका वेळी तेवढाच उघडत आणि पुसून झाकत, सगळं झालं. पोटाखाली आल्यावर मी ओला फडका पिळून त्यांच्या हातात दिला. "हे तुमचं तुम्ही पुसा, मी पलीकडे बघते." त्यांनी पुसलं. मग फडका मला परत दिला आणि ते भिंतीला म्हणाले, "तू सांगून करतीस. ही पोरं मला पोत्यागत उलटी करत्यात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी अंघोळ थांबवून ठेवली होती. वॉर्डबॉयला म्हणाले, "तू जा. ती बोलणारी बाई यिऊ दे."

बोलणारी बाई. ते ऐकायला अक्का तिथे हव्या होत्या.

मला वाटायचं बोलणं म्हणजे पुढे पुढे करणं. तसं नव्हतं. झोपलेल्या माणसाला काय येतंय ते दिसत नाही, त्याला फक्त हात येऊन लागतात. त्याला आधी कळलं तर तो तयार असतो. चादर अंग झाकते तसं हे बोलणं त्याला झाकतं. हे मला कोणी शिकवलं असतं तरी पटलं नसतं.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. माझ्या वाट्याला आलं ते अर्धांगाच्या पेशंटला सदरा घालणं. पुतळ्याचा डावा हात लुळा धरायचा. मी पलंगाशी गेले, पुतळ्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाले, "काका, मी शोभा. मी आता तुम्हाला सदरा घालणार आहे. आधी तुमचा डावा हात घालू, तो जड आहे ना, मग उजवा तुम्ही स्वतः घाला." घालताना अधू हात आधी आणि काढताना चांगला हात आधी, एवढी साधी गोष्ट असते, पण उलटं केलं तर खांदा दुखावतो. मॅडमनी लिहून घेतलं. मागून गोदा कुजबुजली, "आता गप बस की, पुतळा उठून बसंल." निकालाला माझं नाव पहिल्या पाचांत होतं. सर्टिफिकेट यांनी स्वतः फ्रेम करून आणलं आणि देवाच्या फोटोपेक्षा वर खिळा ठोकला. मी खाली घ्यायला लावलं.

मग काम मिळालं. पहिलं घर पुनावळ्याचं, हायवेजवळच्या सोसायटीत. एक आजी, कंबरेचं हाड मोडलेल्या, मुलगा परदेशात. खोलीत कॅमेरा होता आणि मुलगा तिकडून त्यातून बोलायचा. मी पहिल्या दिवशी आजींना भरवत होते आणि छतातून आवाज आला, "ताई, उशी जरा वर घ्या." माझ्या हातातला चमचा पडला. आजी म्हणाल्या, "घाबरू नको, आमचा बंडू आहे. वर राहतो." त्या दिवसापासून मी कॅमेऱ्यालाही सांगायला लागले, "भाऊ, आता आजींना पुसायचंय, तुम्ही बघू नका." आणि कॅमेऱ्यावर रुमाल टाकायचे. आधी तो रागावला. मग आजींनीच त्याला फोनवर झापलं, "मी तुझी आई आहे, टीव्ही नाही."

दर महिन्याला पगार झाला की मी सांगवीला जाऊन अक्कांच्या हातात पैसे ठेवायचे. जमतील तेवढे. अक्का म्हणायच्या, "राहू दे गं, तुझे कुठे पळून जातात," आणि घ्यायच्या. मला ते "राहू दे" टोचायचं. त्यांच्या लेखी ते दिलेलंच होतं, सोडून दिलेलं. माझ्या लेखी नव्हतं.

थोडे राहिले होते तेव्हा दादांना झटका आला. वर्कशॉपमध्येच पडले. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द उरला, "चला." पाणी हवं असलं तरी चला, नको असलं तरी चला. दवाखान्यातून घरी आणलं. अक्कांनी एजन्सीतून एक मुलगा ठेवला. तो कामाला चांगला होता, पण कानात वायर घालून मुकाट्याने काम करायचा. दादा त्याला चांगल्या पायाने लाथ मारायचे. तो गेला. दुसरा आला, तोही गेला. दादांनी जेवण सोडलं, तोंड मिटून घ्यायचे. पाठीला लाल डाग उठला.

अक्कांचा फोन आला. त्या फोनवर कधी रडत नाहीत, त्या दिवशी रडल्या. "शोभा, तू ये."

मी पुनावळ्याचं काम गोदाला सोपवलं आणि गेले. सासूबाई दारातच होत्या. "धाकट्या सुनेने थोरल्या दिराला धुवायचं? गावाकडे कळलं तर तोंड दाखवायची सोय राहायची नाही. निदान पदर तरी घे."

"कामाचा कोट घातलाय, आई. पदर नाही त्याला."

मी खोलीच्या दाराशी आले आणि माझे पाय चौकटीत थांबले. इतक्या वर्षांची सवय. तोंडातून गेलं, "अक्का, त्यांना म्हणावं, मी आलेय."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. पलंगावरून दादाही बघत होते. कॅलेंडरकडे नाही, माझ्याकडे. ओठ वाकडे झालेले, लाळ गळत होती आणि ती पुसायला हात उठत नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. मी तात्यांची मान अशीच वळलेली बघितली होती.

मी आत गेले. त्यांच्या चांगल्या बाजूला खुर्ची घेतली आणि डोळ्यांना डोळे येतील एवढी खाली बसले.

"दादा, मी शोभा. मी आता तुमचं तोंड पुसणार आहे. मग तुम्हाला डाव्या कुशीवर घेऊ, पाठ बघू. अंगावरची चादर मी काढणार नाही."

माझा पहिला शब्द होता तो त्यांच्याशी. दारात सासूबाई "अगं बाई" म्हणाल्या. दादांनी डोळे उघडले. मग त्यांनी डावा हात माझ्याकडच्या बाजूला टाकून पलंगाची कड पकडली, स्वतःहून, वळायला. "चला," ते म्हणाले.

मी पहाटेच्या बसने यायचे आणि दिवस मावळल्यावर जायचे. बसवून भरवायचं, घास चांगल्या बाजूला द्यायचा, मग गालात काही राहिलंय का ते बघायचं. अक्कांनाही शिकवलं. त्या सांगायला विसरल्या की मी म्हणायचे, "अक्का, आधी सांगा." त्या ओशाळून दादांना सांगायच्या. लाल डाग गेला. आधाराने उभं राहणं आलं, मग काठी. एक दिवस ते काठी टेकत बाल्कनीपर्यंत गेले आणि खाली बघून रिक्षावाल्याला म्हणाले, "चला." अक्का हसत रडत होत्या.

त्याच संध्याकाळी अक्का चहा घेऊन माझ्याजवळ बसल्या. "शोभा, तुझे राहिलेले पैसे आता विसर. फिटले समज."

हे काम शिकण्याआधी मी मान हलवून घरी आले असते.

"नको, अक्का. तसे फिटत नाहीत. मी ते कामाच्या पैशातून फेडायचं ठरवलंय."

"मग हे काय, काम नव्हे?"

"काम आहे ना. मग त्या एजन्सीच्या मुलाला देत होतात तो दिवसाचा रोज मला द्या."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "दिराची सेवा करायचे पैसे घेणार? जगात ऐकलं नाही असं."

"सेवा म्हणून करायची असती तर मी पुनावळ्याचं काम सोडलं नसतं, आई. संध्याकाळी येऊन गेले असते. मी कामाला येत होते. दादांची पाठ बघा आणि सांगा, काम झालं का नाही ते."

सोफ्यावर दादा बसले होते. त्यांनी काठी फरशीवर आपटली आणि काठीनेच कपाटाकडे दाखवलं. "चला," ते अक्कांना म्हणाले. "चला, चला."

अक्का उठल्या. कपाटातून पैसे आणले आणि माझ्या हातात दिले, सगळ्या दिवसांचे. मी त्यातले माझे राहिलेले बाजूला काढले आणि त्यांच्यापुढे धरले.

"हे फीचे. राहिलेले सगळे."

"अगं, माझ्याच घरचे पैसे मला देतेस?"

"माझ्या हातात आल्यावर ते माझे झाले, अक्का."

त्यांनी घेतले. नोटा एकावर एक नीट लावल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "बरं बाई. फिटले."

मी चप्पल घालता घालता म्हणाले, "जरा मोठ्याने म्हणा. आईंना ऐकू गेलं नसेल."

अक्कांनी सासूबाईंकडे बघितलं आणि मोठ्याने सांगितलं, "शोभाचे सगळे पैसे फिटले."